वस्तादांची फेरी

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

केतकी बर्गेने हे दारातूनच विचारलं. नमस्कार करायचाही राहून गेला.

ओसरीच्या भिंतीला एक काळी सायकल टेकलेली होती. कार्बनची. नळ्यांना कुठे सांधा दिसत नव्हता, गिअरला तार दिसत नव्हती.

रंगराव पिसाळ दुधात भाकरी कुस्करून खात होते. त्यांनी वर पाहिलं.

"मीसुद्धा काय?"

"ही. असली सायकल. तुमच्या दारात."

"मग कुणाच्या दारात ठेवू? शेजारी घेत नाहीत."

केतकी हसली नाही.

रंगराव वाईच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पण भूगोलाचे मास्तर म्हणून त्यांना फार थोडे लोक ओळखत. तरुणपणी सायकलच्या शर्यतीत त्यांनी सातारा ते कोल्हापूर नाव गाजवलं होतं. वडिलांची तालीम होती. त्यामुळे त्यांच्याकडे सायकल शिकायला येणारी पोरं त्यांना सर म्हणाली नाहीत, वस्ताद म्हणाली. तेच नाव राहिलं.

केतकी शाळेत असल्यापासून त्यांच्या हाताखाली तयार झाली होती. मग पुण्याला इंजिनिअरिंग केलं, वर्षभर नोकरी केली, ती सोडून परत आली. परतून वर्ष उलटलं, तरी वस्तादांकडे ती आज पहिल्यांदाच येत होती. पहाटे. आणि एकटी नव्हती.

"जरा बाहेर या," ती म्हणाली.

अंगणात एक निळी सायकल उभी होती. स्टीलची. बारीक नळ्या, चकचकीत सांधे. गिअरचे दोन खटके खालच्या तिरक्या नळीवर, तिथवर हात न्यावा तेव्हा गिअर बदलणार. पायडलांना चामड्याचे पट्टे.

रंगराव पायरीवरच थांबले. हातातली वाटी तशीच राहिली.

"कुठं मिळाली?"

"सांगलीला. एका गोठ्यात. वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. तुमचीच आहे. नळीखालचा नंबर दाखवू?"

"मला नंबर दाखवतेस होय?"

ते खाली उतरले. सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"विकली तेव्हा मागचं चाक लंगडत होतं," ते म्हणाले.

"सरळ करून घेतलं. एक वर्ष लागलं, वस्ताद. सगळं त्या काळातलं शोधून शोधून लावलंय. एकही भाग आजचा नाही. स्क्रूसुद्धा."

"टायर?"

"टायर नवे घ्यावे लागले." तिचा चेहरा पडला. "त्याचंच वाईट वाटतं."

"वाईट वाटून घेऊ नकोस. जुन्या टायरवर बसली असतीस तर मला वाईट वाटलं असतं."

आता ती थोडी हसली. मग लगेच मुद्द्यावर आली. तिला मुद्द्यापासून लांब राहणं जमत नसे.

"रविवारी घाटाची शर्यत आहे. वाई ते पाचगणी आणि परत. मी हिच्यावर उतरणार."

"बाकीचे?"

"बाकीचे तुमच्यासारख्या काळ्या यंत्रांवर."

रंगराव वाटीतलं उरलेलं दूध प्यायले.

"चढावर मागं पडशील."

"नाही पडणार. आणि पडायची वेळ आली तर फुप्फुस फाटेपर्यंत मारेन. वस्ताद, माझ्याकडं पठारावरच्या वाड्यांतल्या मुली येतात, ठाऊक आहे ना? घरातल्या जुन्या सायकली घेऊन येतात. भावाची, मामाची, भंगारातली. काय पाय आहेत त्यांचे! मागच्या वर्षी मी त्यांना नाव नोंदवायला घेऊन गेले. तिथला एक माणूस सायकलींकडं बघून म्हणाला, आधी धड सायकली आणा, मग या. मुली तशाच परतल्या. घाट चढून. एक शब्द बोलल्या नाहीत."

"हं."

"रविवारी त्या बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर मी ह्या जुन्या सायकलीवर जिंकले, तर त्या माणसाला पुन्हा तोंड उघडता येणार नाही. आणि हरले..."

"हरलीस तर?"

"हरणार नाही."

अंगणात कोंबडी पंख झाडून गेली.

"मग माझ्याकडं कशाला आलीस? शर्यत माझी नाही."

"फेरीसाठी."

वस्तादांच्या हाताखालच्या प्रत्येकाला फेरी ठाऊक होती. शर्यतीआधी शिष्याने आपली सायकल वस्तादांना द्यायची आणि त्यांची आपण घ्यायची. दोघांनी घाट चढायचा, उतरायचा. खाली आल्यावर वस्ताद म्हणत, "ये", नाहीतर "नको". कारण सांगत नसत. "नको" म्हटल्यावर आजवर कुणी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं नव्हतं.

"म्हणजे तुला माझी सायकल चालवावी लागेल," रंगराव म्हणाले.

"चालवेन. नाक मुठीत धरून."

"दोन्ही हात हँडलवर ठेव. ब्रेक जोरदार आहेत तिचे."

---

निघताना रंगरावांनी निळ्या सायकलीचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. पकड घट्ट लागली. मान डोलावली.

"ह्या सायकलीत काय आहे सांगू?" केतकी पुलावरून जाताना म्हणाली. कृष्णेवर अजून धुकं होतं. "ही माणसाला आयतं काही देत नाही. गिअर बदलायचा तर हात खाली न्यायचा. म्हणजे चढ यायच्या आधी ठरवायचं. आपल्या पायात काय आहे ते आपल्याला ठाऊक पाहिजे. तुमच्या ह्याच्यात बोट हललं की झालं. विचार नको, अंदाज नको. बॅटरी संपली की सायकलवाला संपला."

"रात्री चार्जिंगला लावतो मी."

"तुम्ही चेष्टा करताय."

"नाही गं. खरंच लावतो. मोबाइलशेजारी."

"तुम्ही, वस्ताद! तुम्ही ह्या निळीवर जिंकला होतात!"

"हरलो पण होतो. ते सांगायला कुणी येत नाही." त्यांनी पायडल मारलं. "आम्ही हिच्यावर बसलो कारण हिच्याहून बरी मिळत नव्हती. मी ही आणली तेव्हा माझे वडील म्हणाले, गिअरची सायकल? मग एसटीनंच का जात नाहीस?"

पसरणी गाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला.

पहिल्याच चढावर तिचा उजवा हात आपोआप खाली गेला. निळीवर खटका होता तिथे हिच्यावर पाण्याची बाटली होती. बोटं बाटलीवर आपटली.

मागे वळून पाहिलं तर वस्ताद गिअर बदलायला ब्रेकच्या दांड्यावर अंगठा दाबत होते. तिथे दाबण्यासारखं काहीच नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सवय," वस्ताद म्हणाले.

"सवय," ती म्हणाली.

मग तिने बोट हलवलं. कुठेतरी मागे हलकेच काहीतरी सरकलं, चेनचा आवाजही झाला नाही. पायाखालचा चढ सोपा झाला.

तिला राग आला. ही सायकल आपल्याला आवडता कामा नये, असं ठरवून ती निघाली होती. निळीवर ती हाच घाट आठवड्यातून चारदा चढत होती. प्रत्येक वळण तिच्या मांड्यांना पाठ होतं. कुठे उठून उभं राहायचं, कुठे दात आवळायचे, कुठे खटक्याला हात लावायची वेळ चुकली की चेन खरखरते आणि वेग मरतो...

इथे वेग मरत नव्हता. पाय दाबला की सायकल पुढे जात होती, इतकंच. मध्ये कुणी नव्हतं. खडबडीत पट्टा आला, तोही हातापर्यंत पोचला नाही.

वळण आलं. गेलं. ती उठून उभीही राहिली नाही.

आणखी एक वळण यावं असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर लाज वाटली.

मागे पाहिलं तेव्हा वस्ताद दिसत नव्हते.

---

घाटमाथ्यावर ती वाट बघत राहिली. खाली धोमचं पाणी चमकू लागलं होतं.

वस्ताद आले ते नागमोडी. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. उभे राहून पायडल मारत होते आणि कानशिलं लाल झाली होती. उतरल्यावर हँडलवर कपाळ टेकून उभे राहिले.

"बसा ना," ती म्हणाली.

"बसलो तर उठणार नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कशी वाटली?"

केतकी काळीच्या हँडलवरची धूळ पुसू लागली.

"खोटं बोलायचं असेल तर पाणी पी आणि गप्प बस."

"चांगली आहे."

"किती?"

"राग यावा इतकी." तिने बाटली उघडली, पुन्हा बंद केली. "आणि ती?"

वस्तादांनी टॉवेलने तोंड पुसलं. पुसतच राहिले.

"लवते गं ती," ते म्हणाले. "उभं राहून दाबलं की नळी जरा लवते आणि परत येते. माणसाला कळतं, आपण जोर लावला तो कुणाला तरी पोचला. मी विसरलो होतो."

"बघा! मी तेच म्हणते!"

"गुडघेही काय काय म्हणत होते. ते सांगत नाही."

"मग रविवारी? ये की नको?"

"उतार राहिलाय अजून."

"उतार काय, वस्ताद, उतार सगळ्याच सायकली उतरतात."

वस्तादांनी पट्ट्यात पाय अडकवला आणि ते पुढे झाले.

---

पहिलं वळण ते झोकात गेले. अंग कसं झुकवलं, गुडघा कसा बाहेर काढला! सत्तरीचा माणूस वाटतच नव्हता. मागून केतकीने शीळ घातली.

दुसऱ्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. तिला त्यांची बोटं दिसली. शिवाय आवाज आला. किंचाळल्यासारखा, पत्र्यावर दगड घासल्यासारखा.

वेग कमी झाला नाही.

वळण त्यांनी कडेच्या कठड्याला जवळजवळ चाटून घेतलं.

"वस्ताद!"

तिने आपला ब्रेक दाबला. काळी सायकल जागच्या जागी बसली. ती पुढे फेकली जाता जाता वाचली. सोडला, पुन्हा वेग घेतला.

पुढे खालून बस वर येत होती.

वस्तादांनी डावा पाय पट्ट्यातून ओढून काढला. बुटाचा तळवा पुढच्या चाकावर दाबला. धूर निघाला की धूळ उडाली, तिला कळलं नाही. बस हॉर्न वाजवत वाजवत बाजूने गेली. वस्ताद डोंगराच्या अंगाला खडीत घुसले, गटार ओलांडलं आणि मक्याच्या सालपटांच्या ढिगात आडवे झाले.

कणसं भाजणारी शेवंताबाई पंखा हातात धरून उभी राहिली.

"अगं बया! मास्तर? या वयात घसरगुंडी?"

ढिगातून आवाज आला. "एक कणीस दे. लिंबू जास्त."

केतकी सायकल टाकून धावली. तिने त्यांचे हात पाहिले, कोपरं पाहिली, डोकं पाहिलं. कोपर सोलटलं होतं. बाकी सगळं होतं तिथे होतं.

"वस्ताद... ब्रेक... काय झालं?"

वस्तादांनी उठून बसत डावा बूट काढला. तिच्यापुढे धरला.

तळव्याला भोक पडलं होतं. भोकातून घाट दिसत होता.

"माझा ब्रेक हा होता," ते म्हणाले. "तुझा बघ."

केतकी निळ्या सायकलीजवळ बसली. चाक धरून ब्रेकचं रबर चिमटीत पकडलं. नख दाबलं. नख रुतलं नाही. अंगठ्याने वाकवायचा प्रयत्न केला. काळ्या पाटीसारखं होतं ते, टणक आणि गुळगुळीत.

"पण हे कोरे आहेत!" ती म्हणाली. "वस्ताद, हे अजिबात न वापरलेले आहेत. पुण्यात एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर पेटी मिळाली. निळी बनली त्याच वर्षातली. खोकी उघडलीसुद्धा नव्हती कुणी. मी मुद्दाम..."

ती थांबली.

"बोल."

"मुद्दाम तेच लावले, परवाच. त्यानंतर घाट उतरलेच नाही. नवे मिळत होते. नवे लावले असते तर ती त्या काळातली राहिली नसती."

शेवंताबाईने कणीस आणून दिलं. वस्तादांनी दाणे दाताने सोलले.

"मी ही चालवत होतो," ते म्हणाले, "तेव्हा ब्रेकचे रबर दर महिन्याला बदलत होतो. हिच्यावर जुनं काही टिकूच देत नव्हतो मी. रबर नुसतं पडूनही दगड होतं."

केतकीने चिमटीतलं रबर सोडलं.

"त्या काळी ही नवी सायकल होती, केतकी."

खाली दरीत कुठेतरी गुरं हाकल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही घरी ब्रेक दाबून बघितले होते," ती हळू आवाजात म्हणाली.

"बघितले. उभ्या सायकलीवर. पुरतं बघायला हवं होतं." त्यांनी कणीस फिरवलं. "लाडात आलो. जुनी ओळख दिसली, तपासायचं राहिलं. माझंही तुझ्यासारखंच झालं."

केतकी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. आता "नको" ऐकावं लागणार, हे तिला कळून चुकलं होतं. तिने मनाशी ठरवलं, ऐकायचं. रडायचं नाही. नवे रबर लावायचे आणि परत यायचं. पुन्हा फेरी मागायची. वस्तादांनी पुन्हा "नको" म्हटलं तर पुन्हा...

"पेटी म्हणालीस," वस्तादांनी विचारलं.

"हो."

"पेटीत एका सायकलीपुरते चार रबर असतील?"

"नाही. भरपूर होते. पेटीच होती ना."

"उरलेले कुठं आहेत?"

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं.

तिचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवंताबाईलाही ते दिसलं.

"मुलींना लावले," ती म्हणाली. "त्यांच्या ब्रेकचे रबर झिजलेले होते... मीच बसून लावून दिले. परवा. सगळ्यांना. मी म्हटलं, असे रबर आता मिळत नाहीत."

"मुली घाट कधी उतरणार?"

"आज. शाळेला सुट्टी आहे. रविवारच्या आधी एकदा रस्ता दाखवते म्हटलं होतं. खाली वाईत भेटायचं..."

तिने मोबाइल काढला. तेजल शेलारच्या आईला लावला. सगळ्या मुलींत तेवढा एकच घरचा फोन लागायचा.

"काकू, मी केतकी. तेजल आहे का? ... कधी? ... सगळ्याच? ... नाही, नाही, काही नाही. ठेवते."

"निघाल्या," ती वस्तादांना म्हणाली. "केव्हाच निघाल्या."

वाड्यांपासून घाटमाथ्यापर्यंत पठाराचा सपाट रस्ता होता. तिथे ब्रेकची गरज पडत नाही. गरज पडते ती माथा ओलांडल्यावर.

वर जाणारं वाहन दिसत नव्हतं. आत्ताच वर गेलेली दुसरी एक बस पुढच्या वळणाआड घरघरत होती.

वस्ताद काहीतरी बोलणार होते. बोलायची गरज राहिली नाही. केतकी उठली होती. हाताशी पहिली आली ती सायकल तिने खडीतून उचलली, रस्त्यावर आणली आणि धावता धावताच तिच्यावर बसली.

दोन वळणांपर्यंत ती दिसत होती. मग दिसली नाही.

---

"मास्तर," शेवंताबाई म्हणाली, "पोचेल का ओ?"

एक पाय अनवाणी, एक पाय बुटात, असे वस्ताद रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कान वरच्या वळणाकडे होते. उतारावरून भरधाव येणाऱ्या सायकलीचा आवाज त्यांना माणसांच्या आवाजाआधी कळत असे.

कणीस हातात गार झालं.

एक टेम्पो खाली आला. मग एक मोटारसायकल. मग सहलीची गाडी, खिडकीतून गाणं ओसंडत.

मग काहीच नाही.

शेवंताबाईने निखाऱ्यांवर वारा घालायचं थांबवलं होतं.

...

आधी हसण्याचा आवाज आला.

मग वळणावरून मुली दिसल्या. एकामागोमाग एक, रस्त्याची कड धरून, सायकली हातात धरून चालत. कुणाची वेणी सुटलेली, कुणाच्या कॅरिअरला डबा बांधलेला. सगळ्यांत पुढे केतकी होती. काळी सायकल हाताने ढकलत तीही चालत होती.

वस्तादांनी कणसाचा एक दाणा तोंडात टाकला. चावला. मग दुसरा.

"काय हो आजोबा," तेजल शेलार लांबूनच ओरडली, "तुमच्यामुळं आम्ही चालतोय का? ताई म्हणते एक आजोबा पडले!"

"पडलो नाही. मक्यात झोपलो होतो."

"आम्ही हळूहळू आलो असतो. सायकली असून चालत जातोय, येणारेजाणारे हसत होते आम्हाला."

"हसू देत," केतकी म्हणाली.

"ताईनं वर सांगितलं," मागची एक बारकी मुलगी म्हणाली, "की तिनंच आम्हाला खराब रबर लावले. तिची चूक झाली म्हणाली. सगळ्यांसमोर."

वस्तादांनी तेजलच्या सायकलीचा ब्रेक पाहिला. रबराला नख लावलं.

शेवंताबाईने मुलींना कणसांभोवती गोळा केलं. आता सगळ्या एकदम बोलत होत्या. तिखट कमी, मीठ जास्त, मला मोठं, हिला कशाला मोठं.

केतकी वस्तादांसमोर येऊन उभी राहिली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"कुठं गाठलंस?"

"माथ्यावर. तेजल पुढं होती. तिचं पुढचं चाक उताराला लागलं होतं. मी आडवी गेले."

"हं."

"आता ह्या सगळ्या सायकली चालत खाली नेते. बाजारातून नवे रबर घेते. प्रत्येकीचा ब्रेक मी स्वतः उतारावर बघणार, मगच त्यांना सोडणार. निळीलाही नवे लावते." तिने श्वास घेतला. "ती त्या काळातली राहिली नाही तर न राहो."

"तुझ्या हातातली काळी तर थांबते," वस्ताद म्हणाले. "तू कशाला चालत आलीस?"

केतकीने सायकलीकडे पाहिलं. हे तिला आत्ता पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, स्वतः तिनेही विचारलं नव्हतं.

"त्या चालत होत्या ना," ती म्हणाली.

वस्ताद खाली बसले. भोकाचा बूट पायात घातला, नाडी बांधली. मग वर न पाहता विचारलं,

"वर जाताना कशी चालली?"

"कोण?"

"सायकल."

केतकी आठवू लागली. वळणं आठवली. बसच्या मागचा धूर आठवला, बसला ओलांडून गेलेली आठवली. छातीत पेटलेलं आठवलं. तेजलचं पुढचं चाक आठवलं...

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "खरंच सांगते, वस्ताद. कोणती होती तेही आत्ता बघितलं."

वस्ताद उठले. निळी सायकल खडीतून बाहेर काढली, तिच्या हँडलवरचा मक्याचा केस उचलून टाकला आणि उताराच्या बाजूला तोंड करून हळूहळू चालू लागले.

"वस्ताद!" ती मागून म्हणाली. "फेरी संपली नाही का? रविवारचं काय? ये की नको?"

ते थांबले नाहीत.

"ये," ते म्हणाले. "कुठलीही घेऊन ये."